जुन्या स्पूल टेपची मोटार, चार वायरी, ६० सायकल: ओळखायची कशी अन् जोडायची कशी?

स्पूलवेडा_सोलापूर

नमस्कार मंडळी. वडिलांच्या भजनी मंडळाकडं एक स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, मंडळातल्या एकाचा भाऊ अमेरिकेत होता त्यानं आणलेला. आता कॅबिनेट गेलंय, निम्मं वायरिंग उंदरांनी खाल्लंय, पण डेकची प्लेट, हेड अन् मेन मोटार शाबूत आहे. प्लेबॅकचं सर्किट एका मित्रानं चालू करून दिलं, अडलंय ते मोटारीपाशी.

मोटारीवरचा पत्रा घासून गेलाय, त्यावर फक्त "११७ व्ही", "६० सायकल" (म्हणजे हर्ट्झ, विजेची फ्रीक्वेन्सी) अन् शेवटी "एमएफडी" (मायक्रोफॅरड, कंडेन्सरचं माप) एवढंच वाचता येतं, एमएफडीच्या आधीचा आकडा गायब, आरपीएमचा पण गायब. कंडेन्सर जागेवर नाही, वायरी कुणीतरी मधेच कापलेल्या. लाल, काळी, पिवळी, निळी अशा चार, अन् पाचवी हिरवी. मल्टीमीटर लावून बघितलं तर लाल-काळीत ९४ ओहम, पिवळी-निळीत ९६ ओहम, या दोन जोड्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हिरवी बॉडीला शून्य दाखवते. एक वेगळं वाटलं ते म्हणजे या मोटारीचा मधला शाफ्ट अन् बाहेरचं जाड भांडं दोन्ही एकत्र फिरतं, कॉइलचा गाभा आत स्थिर. हातानं फिरवली तर लोण्यासारखी फिरते, कुठंच अडकत नाही.

दोघातिघांना दाखवली, कुणी म्हणतं इंडक्शन आहे, कुणी म्हणतं सिंक्रोनस. एकजण तर म्हणाला थेट बोर्डात लाव, फिरली तर फिरली. मला ती जाळायची नाहीये ओ, स्पूल भरपूर आहेत अन् त्यात जी माणसं गातात त्यातली बरीच आता नाहीत. तर नेमकं कसं ओळखायचं अन् कंडेन्सर केवढा लावायचा ते कुणी नीट सांगा.

पॉवरलूम_वाइंडर

मालक पहिलं काम, ती २३० ला अजिबात लावू नका, फिरली तर फिरली म्हणणाऱ्याला वाइंडिंग भरायला किती वेळ लागतो ते माहीत नाही. ११७ ची कॉइल २३० वर काही मिनिटांत वास मारायला लागते.

मी माग अन् पंख्यांच्या मोटारी भरतो, टेपच्या कमी बघितल्यात पण तुम्ही दिलेलं रीडिंग बोलकं आहे. शेडेड पोल असती तर एकच कॉइल अन् दोनच वायरी निघाल्या असत्या, पोलच्या कोपऱ्यावर तांब्याची कडी दिसली असती. तुमच्यात दोन वेगळी वाइंडिंग आहेत अन् दोन्हीचा ओहम जवळपास सारखा, म्हणजे एकीच्या सिरीजला कंडेन्सर कायमचा राहणार. साध्या सिंगल फेज मोटारीत स्टार्टिंगचं वाइंडिंग वेगळ्या तारेचं असतं, ओहममध्ये सरळ फरक दिसतो, तसं इथं नाही.

आता जोडणी. लाल अन् पिवळी एकत्र करा, ती न्यूट्रलला. काळी फेजला. निळी कंडेन्सरमधून फेजला. उलटी फिरली तर एकाच वाइंडिंगची टोकं बदला, म्हणजे पिवळीच्या जागी निळी अन् निळीच्या जागी पिवळी, बस, दुसऱ्या वाइंडिंगला हात लावायचा नाही.

कंडेन्सर एसीचाच पाहिजे, पंख्याचा ४४० व्होल्टवाला चालतो अन् तो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, २.५, ३.१५ अन् ४ असे तिन्ही घेऊन ठेवा. रेडिओतला इलेक्ट्रोलिटिक किंवा डीसी ४०० लिहिलेला लावायचा नाही, फुटतो. मोटार ११७ ची असली तरी कंडेन्सरवर सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज पडतं, म्हणून ४४० वालाच बरा.

अन् त्याच्या आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर. ५०० व्होल्टचा मेगर एका टोकानं बॉडीला, दुसऱ्यानं पाळीपाळीनं दोन्ही वाइंडिंगला, अन् मग वाइंडिंग ते वाइंडिंग. दोन मेगओहमच्या खाली आलं तर सप्लाय द्यायचा नाही, आधी दोन दिवस १०० च्या बल्बखाली ठेवून ओल घालवायची. आपल्या सोलापूरच्या उन्हात ठेवली तरी चालतंय म्हणा.

रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका.

टेपडेक_पुणे

वाइंडरदादांनी जोडणी अगदी बरोबर सांगितलीय. रंगांबद्दल एक पुस्ती जोडतो कारण हे जिवावर बेतणारं आहे. जुन्या जर्मन मशिनीत १९६५ च्या आधी लाल वायर म्हणजे अर्थ असायची, काळी फेज, करडी न्यूट्रल. आपल्याकडं लाल म्हणजे फेज. त्यामुळे कुठलंही जुनं परदेशी मशीन उघडलं की रंग बघून नाही, मीटर लावून ठरवायचं. तुमची हिरवी बॉडीला शून्य दाखवते म्हणजे ती अर्थ, हे मीटरनं ठरलं, उत्तम.

आता सिंक्रोनस की इंडक्शन. सिंक्रोनस म्हणजे लाइटच्या सायकलशी नेमकी बांधलेली, इंडक्शन त्याच्या थोडी मागे पडणारी. बाहेरचं भांडं फिरणारी मोटार कॅप्स्टनसाठी (टेप ओढणारा शाफ्ट) मुद्दाम वापरायचे, त्या जड भांड्याचाच फ्लायव्हील होतो. हातानं फिरवताना अडकत नाही म्हणजे कायमचे चुंबक नाहीत. उरल्या दोन शक्यता, हिस्टेरेसिस सिंक्रोनस किंवा इंडक्शन, आणि हाताला दोन्ही सारख्याच लागतात, ओहमवरूनही कळत नाही. ते फिरवूनच कळतं.

त्याची पद्धत अशी. भांड्यावर पांढऱ्या रंगाची एकच उभी खूण काढा. खोली अंधारी करा आणि स्विचबोर्डवरच्या निऑन इंडिकेटरच्या उजेडात बघा, एलईडी बल्ब बहुतेकदा चालत नाही. निऑन ५० सायकलला सेकंदात १०० वेळा लुकलुकतो. मोटार १५०० वर असेल तर एका खुणेच्या चार दिसतील, ७५० वर असेल तर आठ. खुणा जागच्या जागी थिजल्यासारख्या उभ्या राहिल्या तर सिंक्रोनस. हळूहळू मागे सरकत राहिल्या तर इंडक्शन, किंवा सिंक्रोनस असून व्होल्टेज कमी पडतंय. कापडानं भांड्याला थोडा ब्रेक लावून बघा, सिंक्रोनस असेल तर खुणा थोड्या मागे होऊन परत थांबतात, सरकत नाहीत, जोर फार झाला तरच एकदम सुटते.

व्होल्टेज मात्र ११७ देऊ नका. ही ६० सायकलची आहे, ५० वर तेच व्होल्टेज दिलं तर लोखंड सॅच्युरेट होऊन मोटार तापते. सायकल कमी झाल्या त्या प्रमाणात व्होल्टेज कमी, म्हणजे ११७ गुणिले ५० भागिले ६०, साधारण ९७. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर शून्यापासून वर न्या. आणि हो, शाफ्टची जिथं टेप घासते त्या जागेची जाडी मायक्रोमीटरनं मोजून सांगा, त्यावरून बरंच निघेल.

स्पूलवेडा_सोलापूर

दोघांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचं लेथवालं वर्कशॉप आहे तिथं जाऊन मोजलं, शाफ्ट ४.०० मिमी. मेगर पण तिथंच मारला, बॉडीला अन् एकमेकींना दोन्हीकडं शंभर मेगओहमच्या वर. डिमरस्टॅट एका मित्राच्या लॅबमधून मिळालाय.

टेपडेक_पुणे

४.०० मिमी म्हणजे कोडं जवळपास सुटलं. टेपची जाडी धरून ४.०४ घ्या, घेर होतो साधारण १२.७ मिमी. १९.०५ सेंमी सेकंदाला (टेपचा एक ठरलेला स्पीड) हवं असेल तर सेकंदाला १५ फेरे, म्हणजे ९०० आरपीएम, ६० सायकलवर ८ पोल. मोटार ४ पोलची असती तर १८०० आणि टेप ३८ नं गेली असती, तो स्टुडिओचा स्पीड, घरच्या मशिनीत क्वचित. तेव्हा माझा अंदाज ८ पोल हिस्टेरेसिस, कॅप्स्टन थेट शाफ्टवर. ५० सायकलवर ती ७५० नं फिरेल, निऑनखाली आठ खुणा दिसायला हव्यात.

अडचण अशी की ७५० नं टेप जाईल १५.९ सेंमीनं. १९ वर आणायला शाफ्टची जाडी ४.८ मिमी करावी लागेल, म्हणजे ०.४ मिमी भिंतीची नळी चढवायची. ऐकायला सोपं आहे पण नळीचं केंद्र एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं जरी सरकलं तरी दर फेऱ्याला स्पीड ०.४ टक्के वरखाली होतो, सेकंदाला साडेबारा वेळा. लांब आलाप त्यात थरथरलेला ऐकू येईल. चांगला लेथवाला असेल तरच त्या वाटेला जा.

पेटीवाला

मी मोटारीतला नाही, भजनाच्या साथीला पेटी वाजवतो, पण वर जे १५.९ अन् १९ चाललंय त्यावर एक विचारू का. ६० ची मशीन ५० वर हळू चालली म्हणजे सूर साधारण तीन अर्धे स्वर खाली येतो, काळी एकचं गाणं काळी पाचला ऐकू येणार, पखवाज पण ढिला वाटणार, हे समजलं. पण या स्पूल भरल्या कुठं? अमेरिकेत भरल्यात का इथंच सोलापुरात याच मशिनवर? कारण इथंच भरल्या असतील तर भरताना पण मशीन हळूच चालत असणार ना, मग हळूच वाजवली की सूर बरोबर यायला पाहिजे. का माझं काही चुकतंय?

स्पूलवेडा_सोलापूर

पेटीवाले काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जवळपास सगळ्या इथंच भरलेल्या, १९७० नंतरच्या दहा-बारा वर्षांतल्या, घरात लाकडी पेटीतला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर होता त्यावर हीच मशीन चालायची, आई सांगते तो हात लावता येणार नाही इतका तापायचा. फक्त दोन स्पूल मुंबईहून कुणीतरी भरून दिलेल्या आहेत, त्या दुसऱ्या मशिनच्या.

टेपडेक_पुणे

काकांनी मूळच पकडलं. मग नळी विसरा, शाफ्टला लेथ लागू देऊ नका. त्या स्पूलवर आवाज १५.९ नंच भरलेला आहे आणि हाच शाफ्ट, हीच मोटार, ५० सायकल मिळाले की १५.९ नंच वाचेल. नळी चढवली असती तर सगळं भजन तीन अर्धे स्वर वर चढून चिरकं झालं असतं. खात्री करायची तर कॉम्प्युटरवर घेऊन मेन्सचा हम (लाइटची गुणगुण) बघा, रेकॉर्डिंगमध्ये घुसलेला हम ५० वर दिसला की स्पीड जुळला.

सबस्टेशन_ड्यूटी

हमबद्दल थोडं सांगतो, वीज हाच आमचा विषय. मोटार सिंक्रोनस म्हणजे ती लाइटच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेली. आता समजा रेकॉर्डिंगच्या संध्याकाळी फ्रीक्वेन्सी ४९ होती, विजेच्या टंचाईच्या त्या काळात हे अजिबात नवीन नव्हतं. तर मोटार पण दोन टक्के हळू फिरली अन् टेपवर हम पण ४९ चाच भरला गेला. आज ५० वर वाजवली की हम बरोब्बर ५० दिसणार, कारण तो अन् मोटार दोन्ही एकाच लाइटवर होते. पण गाणाऱ्याचा गळा काही लाइटवर चालत नाही, त्याचा सूर मात्र दोन टक्के वर ऐकू येणार, अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांश. तेव्हा हमवरून मशीन तीच होती का एवढं कळेल, त्या दिवशीचा खरा सूर कळणार नाही.

आजची काळजी मात्र नको. आता ग्रिड ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवतात, म्हणजे तुमच्या मोटारीत फरक पडलाच तर दोन दशांश टक्के, कानाला कळायचा नाही. अन् हे सोलापूरकरांनी अभिमानानं सांगावं असं आहे, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन चालू झाली तेव्हा दक्षिणेची ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडला सिंक्रोनस जोडली गेली अन् अख्ख्या देशाची फ्रीक्वेन्सी एक झाली. तुमची मोटार सोलापुरात जेवढ्या ठोक्यानं फिरेल तेवढ्याच ठोक्यानं श्रीनगरला अन् कन्याकुमारीला फिरेल.

पेटीवाला

मग सुराचं काम माझ्याकडं द्या. मंडळाची त्या वेळची पेटी अजून आहे का? रेकॉर्डिंगमध्ये पेटीचा सूर असणारच, तीच पेटी शेजारी ठेवून षड्ज लावायचा, फरक किती ते लगेच कळतंय. रीड जुनी होऊन थोडी उतरते हे धरायचं, पण माणसाच्या आठवणीपेक्षा ती भरवशाची.

स्पूलवेडा_सोलापूर

पेटी आहे, भाता फाटलाय पण सूर लागतोय.

आता मोटारीचं सांगतो. डिमरस्टॅट, फ्यूज, मग मोटार असं जोडलं, वाइंडरदादांनी सांगितली तशीच जोडणी, हिरवी अर्थला. हळूहळू वर नेलं, चाळीसच्या आसपास भांडं हललं अन् योग्य दिशेनंच फिरालंय. ९७ ला स्थिर केलं. २.५ एमएफडीवर कंडेन्सरच्या वाइंडिंगवर ७८ व्होल्ट येत होते अन् खुणा अधूनमधून सरकत होत्या. ३.१५ लावला तर ९४, खुणा एकदम थांबल्या, मोजल्या तर आठ! कापडानं दाबून बघितलं, बोटभर मागं जाऊन परत उभ्या राहतात. ४ लावला तर ११८ व्होल्ट झाले अन् मोटारीतून घुंईं आवाज यायला लागला, प्लेटवर हात ठेवला तर थरथर लागते, म्हणून परत ३.१५ वर आलो. तासभर चालवली, हात जेमतेम ठेवता येतो इतकी गरम झाली, हे चालतंय का? अन् बेअरिंगला तेल कुठलं घालू?

पॉवरलूम_वाइंडर

दोन्ही वाइंडिंगवर ९७ अन् ९४ म्हणजे याच्यापेक्षा चांगलं जमत नसतंय, ३.१५ कायम करा. ५० सायकलवर ६० पेक्षा कंडेन्सर थोडा मोठाच लागतो, म्हणजे पत्र्यावरचा गेलेला आकडा याच्यापेक्षा लहान असणार. गरम व्हायचं म्हणाल तर या जातीच्या मोटारी लोड असो नसो जवळपास सारखाच करंट घेतात, त्यामुळे रिकामी पण तापते. हात ठेवता येतोय तोपर्यंत ठीक, वार्निशचा वास आला तर बंद करा.

तेल स्पिंडल ऑइल, सोलापुरात त्याला तोटा नाही. दोन्ही बेअरिंगला दोन-दोन थेंब, फेल्टला शोषू द्या, शाफ्टवर ओघळ येता कामा नये, नाहीतर टेप घसरेल. खोबरेल अन् गंज काढायचा स्प्रे दोन्ही वर्ज्य, खोबरेल थंडीत गोठतं अन् स्प्रे उडून गेल्यावर बेअरिंग कोरडं ठणठणीत पडतं.

आणखी दोन गोष्टी. कंडेन्सरच्या दोन टोकांत २२० के, एक वॉटचा रेझिस्टर टाका, बंद केल्यावर चार्ज राहतोय अन् दुरुस्ती करताना झटका बसतोय. अन् डिमरस्टॅट लॅबला परत देऊन कायमचा ट्रान्सफॉर्मर घ्या, २३० ला १०० चा, ५० व्हीएचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा बनवून घ्या, ऑटो (एकाच वाइंडिंगचा, डिमरस्टॅटसारखा) नको. डिमरस्टॅटमध्ये व्होल्टेज कमी दिसलं तरी मेन्सशी जोड सुटलेली नसते, प्लग उलटा बसला तर न्यूट्रल समजून धरलेल्या वायरीला २३० असतंय. फ्यूज अर्ध्या अँपिअरचा, स्लो.

स्पूलवेडा_सोलापूर

ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर देतो. मुंबईच्या त्या दोन स्पूलचं काय करू? त्या १९ च्याच असतील ना?

टेपडेक_पुणे

हो, इथल्या ५० सायकलच्या मशिनवर भरलेल्या असतील तर १९.०५ च्या. सगळ्यात सोपं म्हणजे याच स्पीडनं वाजवून कॉम्प्युटरवर घ्या आणि ऑडॅसिटीत स्पीड बरोबर २० टक्के वाढवा. टेम्पो नाही हं, स्पीड, म्हणजे सूर पण सोबत वर येतो. ६ भागिले ५ हे गुणोत्तर नेमकं असल्यानं अंदाज लावायची गरजच नाही.

थेट स्पीकरवर ऐकायचंच असेल तर मंडळाकडं आहुजाचा १०० व्होल्ट लाइनवाला पीए अँप्लिफायर असतोच. मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप टाका, ६० हर्ट्झचा साइन लावा, अँपच्या ऑक्सला द्या आणि १०० व्होल्टच्या टर्मिनलवर मोटार. मोटार २०-२५ वॉटची दिसते, शंभर वॉटच्या अँपला काहीच नाही. आवाजाचा नॉब शून्यावरून हळू वाढवा, मीटर एसीवर ठेवून १०० च्या पुढं जाऊ नका, आणि या वेळेला कंडेन्सर २.५ चा लावा. ते १०० व्होल्ट मेन्ससारखेच झटका देतात, टर्मिनल उघडी ठेवू नका. निऑनच्या उजेडात मात्र खुणा आता फिरताना दिसतील, घाबरू नका, निऑन ५० वर आहे आणि मोटार ६० वर.

पेटीवाला

पेटीचा भाता मी बसवून देतो, बुधवार पेठेत आमचा माणूस आहे. ट्रान्सफॉर्मर आला की कळवा, पहिली स्पूल इथलीच लावा, मुंबईची नंतर.